गणपतीत केलेली कार्डं दिवाळीपर्यंत का वाकतात?

गणपती उठले की मुंबईत हाताने शुभेच्छापत्रं करणारे आम्ही बरेच जण दिवाळीच्या कामाला बसतो. कार्ड तयार होतं तेव्हा टेबलावर अगदी सपाट असतं. मग पाऊस जातो, ऊन तापतं, आणि दिवाळीच्या तोंडावर गठ्ठा उघडला की निम्मी कार्डं वाटीसारखी वळलेली निघतात. कुठे वर चिकटवलेला पॅनल, म्हणजे सजावटीचा कागद, कोपऱ्यातून सुटलेला असतो, कुठे घडीवर पांढऱ्या भेगा पडलेल्या असतात, कुठे स्टॅम्पची शाई शेजारच्या कार्डाच्या पाठीवर उतरलेली असते. दर वर्षी याच सुमारास हीच तक्रार कानावर येते, आणि मेहनतीने केलेली कार्डं अशी वाया गेलेली बघवत नाहीत.

यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: जाड कागद घ्या, गोंद भरपूर लावा, वर पुस्तकांचा ढीग ठेवा, शाई बदला. जाड कागदाने वाक थांबत नाही, उशिरा येतो एवढंच, आणि आला की जास्त जोराने येतो. भरपूर गोंद म्हणजे कागदात भरपूर पाणी. पुस्तकांखाली कार्ड सपाट राहतं, पण ढीग उचलल्यावर एक-दोन दिवसांत मूळपदावर येतं. आणि शाईचा वाकण्याशी काही संबंध नाही. तिचं दुखणं वेगळं आहे, त्याकडे पुढे येते.

मुंबईच्या हवेशी भांडून उपयोग नाही. जुलै-ऑगस्टात इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. मुंबईतून पाऊस परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, आणि त्यानंतर हवा कोरडी होत जाते. म्हणजे सप्टेंबरात सादळलेल्या कागदावर केलेलं काम नोव्हेंबरात सुकून आखडणारच. कार्ड नागपूरला किंवा दिल्लीला जाणार असेल तर आणखी आखडणार. हे आपण थांबवू शकत नाही. कार्डाची पुढची आणि मागची बाजू सारखीच आखडेल अशी बांधणी मात्र करू शकतो. खालचे सगळे उपाय त्या एका गोष्टीसाठी आहेत.

आधी वाकलेलं कार्ड नीट बघा

खराब झालेलं कार्ड फेकू नका. बिघाड कुठे झाला ते तेच सांगतं.

कार्ड तुमच्याकडे तोंड करून धरा. कडा पुढे, तुमच्या दिशेने वळल्या असतील तर वरचा पॅनल चिकटवताना जास्त ओला झाला होता. ओला पॅनल फुगला, फुगलेल्या अवस्थेतच बेसवर, म्हणजे कार्डाच्या मूळ दुमडलेल्या कागदावर, बसला, आणि सुकताना आखडून त्याने बेसला आपल्याकडे ओढलं. पातळ गोंद आणि पातळ पॅनल एकत्र आले की हे हमखास होतं.

कडा मागे गेल्या असतील आणि मधला भाग पोट पुढे काढल्यासारखा दिसत असेल, तर बेसच आधीपासून सादळलेला होता. वरचा कागद चकचकीत किंवा मेटॅलिक असेल तर हा प्रकार जास्त दिसतो, कारण तसा कागद ओलावा कमी घेतो. बेस नंतर आखडला, वरचा आहे तसाच राहिला.

कार्ड तिरकं, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे पिळल्यासारखं वळलं असेल, तर दोन कागदांची ग्रेन, म्हणजे आतल्या तंतूंची दिशा, जुळलेली नाही. एखादा पॅनल तिरका कापला गेला असेल किंवा उरलेल्या तुकड्यांतून दिशा न बघता घेतला असेल. असं कार्ड सरळ करणं सगळ्यांत कठीण, म्हणून ग्रेनबद्दल जरा सविस्तर लिहिते.

ग्रेन: इथेच निम्मं काम होतं

कारखान्यात कागद तयार होतो तेव्हा पाण्यातला लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू जाळी धावते त्या दिशेला वळतात. छापखान्यातली माणसं या दिशेला ग्रेन म्हणतात. तंतू ओलावा घेतो तेव्हा तो रुंदीत चांगलाच फुगतो आणि लांबीत जेमतेम. त्यामुळे कागदसुद्धा ग्रेनच्या आडव्या दिशेने फुगतो-आखडतो, ग्रेनच्या दिशेने जवळजवळ नाही.

दिशा ओळखायला कागदाचा छोटा चौकोन कापा. त्याची एक कड मूळ शीटच्या कोणत्या कडेला लागून होती, तिथे पेन्सिलीने बाण काढा आणि एका बाजूला ओलं बोट फिरवा. चौकोन गुंडाळी व्हायला लागतो. त्या गुंडाळीची नळी ज्या दिशेला उभी राहते, ती ग्रेन. कागद ओला करायचा नसेल तर शीट न दुमडता नुसती अर्धी वाकवून हाताने दाबून बघा, आधी लांबीच्या बाजूने, मग रुंदीच्या. ज्या बाजूने कमी विरोध जाणवतो, घडी त्या रेषेला समांतर यायला हवी. पातळ कागदाला ही परीक्षा नीट लागू पडत नाही. २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) पुढे ती पक्की कळते.

आता एक हिशेब बघा, कारण कितीतरी कार्डं इथेच बिघडतात. बाजारातल्या ए-फोर शीटमध्ये ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूने, म्हणजे २९७ मिलिमीटरच्या दिशेने असते. ती शीट मधोमध कापून दोन ए-फाइव्ह तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा दुमडून ए-सिक्स आकाराचं छोटं कार्ड केलं, तर घडी ग्रेनला समांतर येते. घडी स्वच्छ बसते आणि कार्ड उभं राहतं. पण तीच ए-फोर शीट न कापता मधून दुमडून मोठं ए-फाइव्ह कार्ड केलं, तर घडी ग्रेनला आडवी जाते. मग घडीवर तंतू तुटतात, रंगीत कार्डावर पांढरी भेग दिसते आणि पुढचं पान वरून किंवा खालून वळायला लागतं. म्हणजे कागद तोच, दुकान तेच, आणि छोटी कार्डं सरळ तर मोठी वाकडी. लोक म्हणतात मोठ्या कार्डाला वजन सोसत नाही. कारण वजनाचं नसून ग्रेनचं असतं.

मोठी कार्डं करायचीच असतील तर तयार ए-फोर घेऊ नका. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा कटिंग मशिन असलेल्या कुठल्याही कागदाच्या दुकानात मोठी शीट घ्या आणि ग्रेन बघून तिथेच कापून मागा. ‘घडी ग्रेनला समांतर हवी’ एवढं सांगितलं की कटिंगवाल्याला कळतं. पत्रिकांचं काम त्याच्याकडे रोजचंच असतं. कापून घेण्याचा आणखी एक फायदा: कागद गुंडाळी करून लोकलमधून आणावा लागत नाही. गुंडाळलेल्या जाड कागदाला वळण धरतं आणि ते सहजासहजी जात नाही. कापलेले तुकडे दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून सपाट आणा.

पॅनल, मॅट (पॅनलच्या खाली किनारीसारखा दिसणारा कागद) आणि बेस, तिघांचीही ग्रेन एकाच दिशेला ठेवा. कापण्याआधी शीटच्या मागे पेन्सिलीने हलके बाण काढण्याची सवय लावून घ्या. उरलेल्या तुकड्यांवरही बाण असू द्या, कारण तिरकी पिळलेली कार्डं बहुतेक त्या तुकड्यांतूनच जन्माला येतात.

हातकागदाची गोष्ट थोडी वेगळी. पुण्याला शिवाजीनगरात हातकागद संस्था आहे, तिथल्यासारखा साच्याने एकेक उचललेला कागद घेतला तर तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात आणि ग्रेन फारशी राहत नाही. बेस म्हणून मला तो फार आवडतो. पण तो ओलावा भरपूर पितो, आणि पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे बारीक रेषांचा स्टॅम्प त्यावर तुटक उमटतो. म्हणून बेस हातकागदाचा, आणि ठसा गुळगुळीत कागदाच्या पॅनलवर, अशी जोडी ठेवा. खरेदी करताना एका कोपऱ्यावर पेनाची रेघ ओढून बघा. रेघ पसरली तर त्या कागदाला खळीचा हात (शाई-पाणी शोषू नये म्हणून दिलेला थर) पुरेसा नाही, आणि शाईही तशीच पसरेल.

गोंद कमी, आणि दोन्हीकडे

बाटलीतला पांढरा गोंद पाण्यात मिसळलेला असतो. थेंबाथेंबाने लावला की प्रत्येक थेंबाखाली कागद फुगतो आणि सुकल्यावर तिथे खळगा पडतो. गोंद लावायचाच असेल तर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने अगदी पातळ थर ओढा, कडांपर्यंत, आणि पॅनल बसवल्यावर वर बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. ग्लूस्टिकमध्ये पाणी कमी असतं, पण पावसाळ्यात जाड कागदावर तिची पकड कोपऱ्यांत सुटते. पातळ पॅनलसाठी ती ठीक.

पावसाळ्यात माझी पहिली पसंती डबल टेपला. तिच्यात पाणी नाही, म्हणून कागद हलत नाही. फक्त कागद सादळलेला असताना टेप लावली तर ती नीट धरत नाही. कागद आधी सुकवा, मग टेप लावा आणि बोटाच्या नखाने किंवा बोन फोल्डरने (घडी दाबायच्या चपट्या पट्टीने) सगळीकडे घासून दाबा. नुसत्या चार कोपऱ्यांत टेपचे तुकडे लावले तर मधला भाग फुगतो, म्हणून चारही कडांना सलग पट्टी द्या.

घरी शिजवलेली मैद्याची खळ मुलांसोबत काम करताना सोपी वाटते, पण या दिवसांत तिला बुरशी धरते आणि पुढे कसर लागते. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात ते यासाठीच. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या कार्डासाठी खळही नको आणि मोरचूदही नको.

आता दुसरा अर्धा भाग, जो बहुतेक जण करतच नाहीत. पुढच्या पानावर बाहेरून पॅनल लावला असेल, तर त्याच पानाच्या आतल्या बाजूलाही तेवढ्याच आकाराचा पॅनल लावा: तोच कागद, तीच ग्रेन, तोच गोंद. बाहेरचा पॅनल आखडून पान पुढे ओढतो, आतला तेवढ्याच जोराने मागे ओढतो, आणि पान मध्येच सरळ राहतं. पुस्तकबांधणीत पुठ्ठ्याला दोन्हीकडून कागद लावतात, त्यामागे हेच कारण आहे. तो आतला पॅनल कोराही ठेवता येतो किंवा त्यावर चार ओळी लिहिता येतात. गडद रंगाच्या बेसवर लिहायची अडचण त्यामुळे आपोआप सुटते. या एका पॅनलमुळे कार्डं जितकी सरळ राहतात, तितकी दुसऱ्या कुठल्याही युक्तीने राहिलेली मी पाहिलेली नाहीत.

शाई फिसकटते ते कशामुळे

इंकपॅडमध्ये मुख्य दोन जाती. डाय शाई कागदात मुरते आणि लवकर सुकते. पिगमेंट शाईचे रंगकण कागदाच्या वर बसतात, रंग दाट दिसतो, पण सुकायला वेळ लागतो. दमट हवेत हा वेळ आणखी वाढतो, आणि कोटिंग केलेल्या कागदावर तर पिगमेंट शाई कित्येक दिवस बोटाला लागत राहते.

मुंबईत ‘चांगलं कार्ड द्या’ म्हटलं की दुकानदार बरेचदा आर्ट कार्ड पुढे करतो, कारण व्हिजिटिंग कार्ड आणि पत्रिका त्यावर सुंदर छापल्या जातात. ते कोटेड असतं, मॅट दिसलं तरी. गिरगावात खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांच्या दुकानांत मिळणाऱ्या चमकत्या मेटॅलिक कागदांचंही तेच. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब तसाच उभा राहिला तर कागद कोटेड. त्यावर सॉल्व्हंट शाई वापरा, किंवा पिगमेंट शाईवर एम्बॉसिंग पावडर (उष्णतेने वितळून उठावदार ठसा देणारी पूड) टाकून ती वितळवून घ्या. एक लक्षात ठेवा: सॉल्व्हंट शाई पारदर्शक फोटोपॉलिमर स्टॅम्पना मानवत नाही, तिच्यासाठी रबराचे स्टॅम्प बरे.

एम्बॉसिंगमध्ये पावसाळ्यातली तक्रार अशी की पावडर ठशाच्या बाहेरही सगळीकडे चिकटते. कागद दमट असतो, हाताचा घामही लागलेला असतो. मलमलच्या तुकड्यात थोडी टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर बांधून छोटी पुरचुंडी करा आणि ठसा उमटवण्याआधी कागदावर हलकी फिरवा. पावडर वितळवायला हेअर ड्रायर चालत नाही; त्याची उष्णता पुरत नाही आणि वाऱ्याने पावडर उडते. हीट गनच हवी. दमट कार्डावर ती एकाच बाजूने धरली तर कार्ड लगेच वळतं, म्हणून आधी दोन्ही बाजूंनी लांबून थोडी ऊब द्या आणि मग पावडर मागच्या बाजूने वितळवा.

नवीन फोटोपॉलिमर स्टॅम्पवर शाई थेंब-थेंब होऊन बसते, ठसा ठिपक्याठिपक्यांचा येतो. त्याचा हवेशी संबंध नाही. स्टॅम्पच्या पृष्ठभागावर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो. मऊ खोडरबराने हलकं घासा, साबणाच्या पाण्याने धुवा, एक-दोन ठसे रद्दी कागदावर घ्या.

देवनागरी मजकुराच्या स्टॅम्पना एक खास अडचण येते. ‘शुभ दीपावली’ ऑर्डर देऊन करून घेतलं की शिरोरेखा छान उमटते, पण उकार आणि वेलांट्यांची टोकं भरतात. असं सुटं टोक एकटंच उभं असतं, त्याच्या आजूबाजूला दाब वाटून घ्यायला रबर नसतं, म्हणून तेवढ्याच जागी दाब जास्त पडतो आणि शाई बाहेर येते. जास्त जोर लावला की आणखी भरतं. स्टॅम्पवर पॅड हलके थोपटून शाई लावा, कागदाखाली पातळ फोमची चटई ठेवा आणि दाब सरळ वरून द्या, डोलवू नका. ऑर्डर देतानाच बारीक-जाड रेषांचा नाजूक फॉन्ट टाळा, सगळीकडे सारख्या जाडीचा मागा. ‘श’च्या गाठीतली आणि ‘भ’च्या पोटातली मोकळी जागा तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर ती शाईने भरणारच.

कागद कुठे ठेवायचा, किती सुकवायचा

माळ्यावर नको, बाहेरच्या ओल आलेल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, न्हाणीघराच्या भिंतीला टेकून तर अजिबात नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहान आर्द्रतामापक. आकडा ५०च्या आसपास राहिला की पुरे. फार कोरडंही नको, कारण हडहडीत सुकलेला कागद बाहेर काढल्यावर झपाट्याने ओलावा ओढतो. सिलिका जेल नारिंगी घ्या. निळं असतं त्यात कोबाल्ट असतं, ते घरात नको. रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

स्वस्त मापक चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून एकदा तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थोडे थेंब पाणी टाकून ते ओलसर चिखलासारखं करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतली आर्द्रता ७५ टक्के असते. मापक ८१ दाखवत असेल तर तो ६ जास्त दाखवतो, तेवढे वजा करत चला.

काम करायच्या आदल्या दिवशी लागणारे तुकडे डब्यातून काढून त्याच खोलीत सुटे उभे ठेवा, दोन्ही बाजूंना हवा लागेल असे. टेबलावर पसरून वरून पंखा लावला तर एकच बाजू सुकते आणि कागद तिथेच वळतो. एसी असेल तर कापणं, चिकटवणं, वजनाखाली ठेवणं सगळं त्या एकाच खोलीत, एकाच हवेत करा. एसीत कापून बाहेर बाल्कनीजवळ चिकटवलेलं कार्ड हमखास वाकतं.

वाकलेल्या कार्डांचं काय

कडा पुढे आल्या असतील तर आतल्या बाजूला वर सांगितलेला पॅनल आता लावा, पांढऱ्या गोंदाचा पातळ थर देऊन. दोन टिपकागदांमध्ये ठेवा, वर सपाट फळी आणि वजन, आणि दोन दिवस हात लावू नका. बऱ्याच कार्डांना एवढं पुरतं.

कडा मागे गेल्या असतील तर उलट उपाय: कार्ड काही तास बंद डब्यात, ओल्या फडक्याच्या वाटीशेजारी ठेवून मऊ होऊ द्या, पाणी कार्डाला लागता कामा नये. मग टिपकागदात घालून वजनाखाली सुकवा, टिपकागद एकदा बदला. डाय शाईचा ठसा किंवा जलरंग असेल तर हा उपाय एखाद्या बिघडलेल्या कार्डावर आधी करून बघा, कारण ओलाव्याने रंग पसरू शकतो. पिळलेली कार्डं मात्र सरळ करत बसू नका. वरचा पॅनल सावकाश सोडवा, नव्या बेसवर ग्रेन जुळवून लावा.

घडीवरची पांढरी भेग बुजत नाही. तिच्यावर रिबिनीची किंवा रंगीत कागदाची अरुंद पट्टी आतून-बाहेरून लावली की ती मुद्दाम केल्यासारखी दिसते. पुढच्या वेळी दुमडण्याआधी संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने पट्टीला धरून क्रीज मारा.

तयार कार्डं एकावर एक रचताना मध्ये बटर पेपर घाला आणि गठ्ठा पोस्टात टाकायच्या दिवसापर्यंत सिलिका जेलच्या डब्यातच ठेवा. राखीच्या दिवसांत पोस्टात पाणी न लागणारी खास पाकिटं मिळतात. तेव्हाच थोडी जास्त घेऊन ठेवली तर ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात तीच कामी येतात. पाकिटात कार्डाच्या मागे त्याच मापाचा पातळ पुठ्ठा घाला, आणि फोम टेपने उचललेली फुलं-पणत्या कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवू नका. पाकिटावर तिकीट तिथेच असतं आणि पोस्टाचा शिक्का त्यावरच पडतो.